मुख्य डबा आणि सोबतीचा डबा



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, वाङ्मय, शेती हे विषय शोभून दिसतात. आम्ही आज जो विषय घेऊन उभे आहोत तो ऐकायला रुक्ष आहे, आणि तो संगणकाच्या कारखान्यातला आहे. तरीही तो येथे मांडावासा वाटला, याला कारण आहे. आपल्या तालुक्यातल्या कितीतरी घरांतली मुलेमुली पुण्यामुंबईस याच कामावर आहेत. दिवाळीला घरी आली की वडील विचारतात, "बाबा रे, तू करतोस तरी काय?" मुलगा उत्तर देतो, "कंटेनर सांभाळतो." वडिलांच्या डोळ्यांपुढे नांदुऱ्याच्या महामार्गावरून जाणारा लांबलचक ट्रक उभा राहतो.

वडिलांचे यात काही चुकले असे आम्हांस वाटत नाही. नाव तेथूनच आले आहे. १९५६ साली अमेरिकेत माल्कम मॅक्लीन नावाच्या ट्रकवाल्याने ५८ लोखंडी पेट्या एका जहाजावर चढवून समुद्रमार्गे पाठविल्या. पेटीत माल कोणताही असो, पेटीचे माप ठरलेले. त्यामुळे ती कोणत्याही जहाजावर नि कोणत्याही ट्रकवर बसते. पुढे मापे जगभर ठरली. आपल्याकडे १९८९ साली न्हावा शेवा बंदर सुरू झाले, ते याच पेट्यांसाठी. संगणकवाल्यांनी हीच युक्ती उचलली. एखादा प्रोग्रॅम चालावयास जे जे सामान लागते ते सगळे त्याच्याबरोबर एका डब्यात बांधावयाचे, म्हणजे तो कोणत्याही यंत्रावर सारखाच चालतो. कल्पना जुनी, पण २०१३ साली डॉकर नावाचे साधन आले आणि ती घरोघर झाली.

डबे हजारोंनी झाले म्हणजे त्यांवर देखरेख ठेवणारा लागतो. कोणता डबा कोणत्या यंत्रावर ठेवावयाचा, एक बंद पडला तर दुसरा केव्हा उभा करावयाचा, गर्दी वाढली तर किती वाढवावयाचे, हे सारे पाहणाऱ्या व्यवस्थेचे नाव कुबरनेटिस. शब्द ग्रीक आहे, अर्थ सुकाणू धरणारा. गूगलने २०१४ साली ही व्यवस्था सर्वांसाठी खुली केली, आणि २०१५ च्या जुलैत तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादेस विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. तो मुंबईच्या हॉटस्टारवर एकाच वेळी ५ कोटी ९० लाख प्रेक्षक पाहत होते. आपल्यापैकीही पुष्कळ त्यांत असतील. सामन्याचा निकाल आठवून कोणी हळहळू नये. आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे की त्या पडद्यामागे हीच व्यवस्था राबत होती.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. कुबरनेटिस सुटा डबा हाताळीत नाही. तो हाताळतो 'पॉड'. पॉड म्हणजे शेंग. तुरीची शेंग आपल्याला नवी नाही. एका शेंगेत दाणे दोन असोत की चार, टरफल एक, देठ एक. पॉडमधल्या डब्यांचे तसेच आहे. त्यांचा बाहेरचा पत्ता एक, त्यांना आपसांत बोलावयास घराबाहेर पडावे लागत नाही, आणि हवी तर कागद ठेवावयाची एक फळीही त्यांना सामाईक मिळते.

मग एका शेंगेत दुसरा दाणा कशाला? याचे उत्तर आपल्या अडत दुकानात सापडेल. अडत्या सौदा करतो. पण रोजकीर्द दिवाणजी लिहितो आणि वजन मापारी करतो. अडत्याला लिहिता येत नाही असे नाही, परंतु तोच लिहीत बसला तर लिलाव कोण पाहणार? तसेच येथे. मुख्य प्रोग्रॅम, समजा, पैशांची देवघेव करतो. त्याच्या शेजारी एक सोबतीचा डबा, तो घडलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद उचलून दूरच्या कोठारात पोचवितो. दुसरा एखादा दारावर बसतो. येणारीजाणारी पत्रे सांकेतिक भाषेत बंद करतो आणि योग्य पत्त्यावर धाडतो. पत्त्याचे महत्त्व या गावाला सांगावयास नको. 'जामोद' लिहावयाचे राहिले की आपले टपाल खानदेशात फिरून येते! हा सोबती असला म्हणजे मुख्य प्रोग्रॅमला पत्त्यांची काळजी राहत नाही.

या सोबत्याला इंग्रजीतून आलेले नाव 'साइडकार'. 'शोले' चित्रपटात फटफटीला जोडलेली ती बाजूची बैठक आपण पाहिली आहे. हे नाव आम्हांस थोडे फसवे वाटते, कारण त्या बैठकीतला माणूस नुसता बसून असतो. अधिक चांगला दाखला आपल्या रेल्वेत आहे. मुंबईहून नांदुऱ्याकडे येताना कसाऱ्यास पुष्कळ गाड्यांच्या मागे जादा इंजिने लागतात. थळ घाटाचा चढ ३७ फुटांस एक फूट. ती इंजिने मागून रेटा देत इगतपुरीपर्यंत येतात. पुढच्या इंजिनात काही फेरफार करावा लागत नाही, आणि मदत मात्र पुरेपूर मिळते. साइडकारचे सारे मर्म यातच आहे: मुख्य प्रोग्रॅमला हात न लावता त्याला नवे सामर्थ्य द्यावयाचे.

ही पद्धत २०१५ पासून लेखांतून सांगितली जात होती, लोक ती वापरीतही होते. परंतु गंमत अशी, की खुद्द कुबरनेटिसला सोबती म्हणजे कोण हे ठाऊकच नव्हते! त्याच्या लेखी शेंगेतले सगळे दाणे सारखे. त्यातून तीन दुखणी निघाली, आणि आपल्या मुलांच्या पुष्कळ रात्री त्यांपायी गेल्या.

पहिले दुखणे आरंभाचे. मुख्य प्रोग्रॅम जागा होऊन कामाला लागे, पण दारावरचा सोबती अजून तयार नसे. पहिले निरोप वाया जात. दुसरे दुखणे शेवटाचे, आणि ते अधिक गंभीर. डबे बंद करावयाचे झाले की कुबरनेटिस सर्वांना एकदमच सूचना देई आणि आवरावयास मुदत देई. वेगळे काही सांगितले नसेल तर ३० सेकंद. सोबती आज्ञाधारक, तो लगेच निघून जाई. मुख्य प्रोग्रॅम मात्र हातातला शेवटचा व्यवहार पुरा करीत असे, आणि त्याची नोंद घ्यावयास दिवाणजीच जागेवर नसे. पैसे तर गेले, पण त्याची ओळ वहीत नाही. दुसऱ्या दिवशी ग्राहक तक्रार घेऊन उभा राहिला म्हणजे दाखवावयाचे काय?

तिसरे दुखणे ऐकून हसू येईल. काही कामे एकदाच करून संपवावयाची असतात. महिनाअखेरचे पगारपत्रक घ्या. मुख्य डबा पत्रक करून मोकळा होई, पण शेजारचा सोबती आपला जागाच. त्याला कोणी 'जा' म्हटलेले नसे. शेंगेतला एक दाणा जागा आहे, तेव्हा काम चालू आहे, असे कुबरनेटिस समजे, आणि संपलेले काम दिवसेंदिवस 'चालू' दिसत राही. यावर लोकांनी तोडगे काढले. इस्टिओ नावाच्या प्रसिद्ध साधनाच्या सोबत्याला निरोप देण्यासाठी एक खास पत्ता ठेवलेला होता, त्याचे नाव 'क्विटक्विटक्विट'. जा, जा, जा! मुख्य प्रोग्रॅमने जाता जाता त्या दाराची कडी वाजवावयाची. म्हणजे ज्याला सोबत्याची खबरही नसावी असे ठरले होते, त्यालाच सोबत्याला उठवावे लागले. मूळ तत्त्वच तेथे मोडले.

दुरुस्ती व्हावयास वर्षे गेली. एक प्रस्ताव आला नि मागे पडला. अखेर ऑगस्ट २०२३ मधल्या १.२८ या आवृत्तीत प्रयोगादाखल सोय झाली, त्याच डिसेंबरात १.२९ मध्ये ती आपोआप लागू झाली, आणि एप्रिल २०२५ च्या १.३३ मध्ये पक्की ठरली. सोय अगदी साधी आहे. मुख्य कामापूर्वी जागा झाडून ठेवणारे काही 'पूर्वतयारीचे' डबे आधीच होते. ते एकामागून एक आपले काम संपवीत आणि मग मुख्य डबा उठे. आता त्याच यादीत सोबत्याचे नाव घालावयाचे आणि खाली एक ओळ लिहावयाची, की याला नेहमी चालू ठेवा. तेवढ्याने तो मुख्य डब्याच्या आधी उठतो, मुख्य डबा थांबल्यावर मग थांबतो, आणि सोबती अनेक असतील तर उलट्या क्रमाने निरोप घेतात. एकदाचे काम संपले म्हणजे त्याच्यासाठी कोणी अडून राहत नाही. मात्र येथे एक खाच आहे. सोबती 'उठला' म्हणजे 'तयार झाला' असे नव्हे. तो खरोखर कामास लागला की नाही हे विचारणारी तपासणी लावली नसेल, तर पहिले दुखणे मागच्या दाराने परत येते.

हे झाले क्रमाचे. खर्चाचे काय? येथे आमचे मत थोडे कडक आहे. समजा, एका सोबत्याला ५० मेगाबाइट स्मृती लागते. ऐकायला क्षुल्लक, पण मुख्य डबे दोन हजार असतील तर सोबतीही दोन हजार, आणि नुसत्या सोबतीसाठी १०० गिगाबाइट गुंतले. प्रत्येक दुकानाला स्वतंत्र दिवाणजी परवडतो का, की साऱ्या पेठेला एक पुरे? इस्टिओच्या मंडळींनीही हाच हिशेब मांडला असावा. त्यांनी २०२२ मध्ये दारावरचा सोबती प्रत्येक शेंगेतून काढून यंत्रागणिक एक ठेवण्याची दुसरी रीत जाहीर केली, आणि ती नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्की झाली. अर्थात पेठेचा एकच दिवाणजी आजारी पडला तर सारी पेठ अडते, हेही विसरून चालणार नाही.

शिवाय विश्वासाचा प्रश्न आहे. दारावर बसणारा सोबती आलेगेले सारे टपाल हाताळतो. बाहेरून फुकट मिळाला म्हणून कोणताही अनोळखी डबा उचलून शेंगेत बसविणे म्हणजे तिजोरीच्या खोलीत वाटसरूला मुक्कामाला ठेवणे होय. तो कोणी बांधला, त्यात काय भरले आहे, कोणती आवृत्ती आहे, हे पाहिल्यावाचून त्याला आत घेऊ नये.

या सभागृहात महाविद्यालयातले विद्यार्थी बरेच दिसतात. सोबती कोणाला करावे, याचे आमचे गमक त्यांच्यासाठी सांगतो. जो मुख्य डब्याबरोबर जन्मावा, त्याच्याबरोबर वाढावा आणि त्याच्याबरोबरच जावा, तोच एका शेंगेत शोभतो. माहितीचे कोठार तेथे ठेवू नये. गर्दी वाढून शेंगा दहा झाल्या तर कोठारेही दहा होतील, आणि खरा हिशेब कोणत्या कोठारात आहे, हे कोणासच सांगता यावयाचे नाही. आणि उद्या नोकरीस लागाल तेथे जुन्या आवृत्त्या, जुने तोडगे पुष्कळ भेटतील. 'जा, जा, जा' म्हणणारी ती कडीही भेटेल. ती काढण्यापूर्वी तेथली आवृत्ती १.२९ किंवा पुढची आहे ना, एवढे आधी पाहून घ्या.