चुकांमागचं व्याकरण



शिर्डीला गेला असाल तर एक गोष्ट कानावर आली असेल. मंदिराच्या आसपासचे फूलवाले, प्रसादाचे दुकानदार आंध्र-तेलंगणातून आलेल्या भाविकांशी तेलुगूत बोलतात. बहुतेकांनी ती भाषा गिऱ्हाईक सांभाळता सांभाळताच उचललेली असते. हे कसं जमतं?

'मला पाणी हवं' हे तेलुगूत होतं 'नाकु नीळ्ळु कावालि'. नाकु म्हणजे मला, नीळ्ळु म्हणजे पाणी, कावालि म्हणजे हवं. शब्द बदलले, पण त्यांच्या जागा त्याच राहिल्या. इंग्रजीत मात्र 'आय वाँट वॉटर'. तिथे पाणी शेवटी गेलं आणि 'मला'चा 'मी' झाला. मराठी आर्यकुळातली, तेलुगू द्रविडकुळातली. तरी शतकानुशतकांच्या शेजारात भारतीय भाषांनी एकमेकींच्या बांधणीतलं बरंच काही घेतलं. म्हणूनच भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी १९५६ साली भारताला 'एक भाषिक क्षेत्र' म्हटलं.

आता घरातलं लहान मूल घ्या. 'मुलगी भावाच्या घरी गेली' या वाक्यात क्रियापदाच्या अगदी जवळ 'घर' आहे, त्याआधी 'भाऊ'. पण 'गेली' जुळतं ते लांबच्या 'मुलगी'शी. हा नियम मुलाला कुणी शिकवत नाही, तरी शाळेत जायच्या आधीच ते असं सहज बोलतं. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांचं म्हणणं असं, की भाषेचा काही मूळ साचा माणूस जन्मतःच घेऊन येतो. यालाच वैश्विक व्याकरण म्हणतात. मायकेल टोमासेलो यांच्यासारख्या अभ्यासकांना हे मान्य नाही. मूल ऐकत, वापरत, माणसांचे हेतू ओळखत भाषा घडवतं, असं ते म्हणतात. हा वाद अजून मिटलेला नाही. पण मूल नुसती पोपटपंची करत नाही, ते नियम शोधतं, यावर दोन्ही बाजूंचं एकमत आहे.

दुसरी भाषा शिकणारा मोठा माणूसही तेच करतो. फरक इतकाच, की त्याच्या डोक्यात एक व्याकरण आधीच नांदत असतं. आपल्याकडचा माणूस हिंदीत 'मैं आम खाया' म्हणतो आणि लोक हसतात. पण तोच माणूस 'उसने आम खाया' हे बहुधा बरोबर बोलतो. का? मराठीत 'त्याने आंबा खाल्ला' यात 'ने' आहे, 'मी आंबा खाल्ला' यात नाही. म्हणजे तो अडाणीपणाने चुकला नाही, मराठीचा नियम पाळून चुकला. उलट, हिंदीत 'आपण' आणि 'आम्ही' या दोहोंना एकच 'हम'. म्हणून नव्याने मराठी शिकणारा हिंदीभाषक पाहुण्याला 'आम्ही चहा घेऊ' म्हणतो आणि पाहुणा विचारात पडतो, चहा मलाही आहे की नाही!

ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ साली हेच मांडलं, की शिकणाऱ्याची चूक ही तो कुठवर पोहोचला याची खूण असते. पुढे १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी या टप्प्यावरच्या बोलीला स्वतंत्र नाव दिलं. आपण तिला 'मधली भाषा' म्हणू. ती घरच्या भाषेसारखीही नसते आणि नव्या भाषेसारखीही नसते, पण तिला स्वतःचे नियम असतात.

हे समजून घेण्याची खरी गरज शाळेत आहे. अकोले तालुक्यातल्या ठाकरवाडीतलं मूल घरी ठाकरी बोलतं आणि पहिलीत आल्यावर त्याच्यापुढे पुस्तकी मराठी येते. सन २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजीही आहे. म्हणजे आपण ज्याला त्याची पहिली भाषा समजतो, ती त्याची दुसरी असते आणि इंग्रजी तिसरी. अशा मुलाच्या बोलण्याला वर्ग हसला, की ते गप्प बसतं. गप्प बसलेल्या मुलाची भाषा वाढत नाही, कारण बोलल्याशिवाय आपला नियम कुठे चुकला हे कळायला मार्गच उरत नाही.

तेव्हा गुरुजींनी आणि पालकांनी एवढं करावं. मूल चुकलं तर त्याला तोडू नये, तेच वाक्य नीट करून सहज बोलावं आणि संभाषण पुढे न्यावं. आणि इंग्रजी सुधारावी म्हणून घरची बोली बंद करू नये. पुढच्या सगळ्या भाषा तिच्याच आधाराने शिकायच्या असतात.