मेणबत्त्यांचा सण
(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवी वर्षात दि. २ फेब्रुवारी रोजी सायंकाळी केलेले भाषण)



आज नाताळापासून चाळिसावा दिवस. शिवारात ज्वारीची कणसे भरली आहेत, आणि आपण पेटलेल्या मेणबत्त्या हाती घेऊन अंगणातून मंदिरात आलो आहोत. हे आपण का करतो, हे थोडक्यात सांगावे अशी माझी इच्छा आहे.

आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही. यहुदी लोकांतही पुत्रजन्मानंतर चाळीस दिवस भरले म्हणजे मातेने मंदिरात जाऊन अर्पण करावे, असा मोशेचा नियम होता. ऐपत असेल त्याने कोकरू द्यावे, नसेल त्याने पाखरांची जोडी. पवित्र मरिया व योसेफ यांनी पाखरेच दिली, म्हणजे गरिबाचेच अर्पण केले. तेथे वृद्ध शिमोनाने बाळाला हातांवर घेतले आणि हा सर्व राष्ट्रांचा प्रकाश होय, अशी साक्ष दिली. त्या एका शब्दापासून आपल्या हातांतील मेणबत्ती आली.

चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाच्या यात्रेकरू स्त्रीने येरुशलेमेत हा सण मोठ्या उत्साहाने साजरा होताना पाहिला व तसे लिहून ठेवले. ५४२ साली सम्राट जस्टिनियन याने कॉन्स्टँटिनोपल येथे तो २ फेब्रुवारीस पाळावयास लावला. मूळचे सिरियन वंशाचे पोप पहिले सर्जियस (६८७ ते ७०१) यांनी रोममध्ये या दिवशी मिरवणुकीची प्रथा घालून दिली. मेणबत्त्यांना आशीर्वाद देण्याची रीत पुढे रूढ झाली. पूर्वी या सणास मरियेच्या शुद्धीकरणाचा सण म्हणत. १९६९ च्या सुधारित पंचांगापासून तो प्रभूच्या समर्पणाचा सण झाला. १९९७ पासून याच दिवशी व्रतस्थ बंधुभगिनींसाठीही विशेष प्रार्थना होते.

आशीर्वादित मेणबत्ती घरी न्यावी, संकटकाळी पेटवावी आणि मरणोन्मुख माणसाच्या हाती द्यावी, अशी जुनी चाल आहे. येथे मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. मी नवखा धर्मगुरू असताना एका वर्षी घाईघाईने मेणबत्त्यांना आशीर्वाद दिला, अर्थ मात्र सांगितला नाही. त्याच वर्षी पावसाळ्यात एका वस्तीवरून आजारी म्हातारीसाठी बोलावणे आले. ओढ्याला पूर होता. पाणी ओसरून मी पोहोचलो तोवर तिने प्राण सोडला होता. घरात वीज नव्हती. परंतु तिच्या हाताशी तीच मेणबत्ती जळत होती, आणि सून गुडघे टेकून प्रार्थना करीत होती. म्हातारीने ती फडक्यात गुंडाळून पेटीत जपली होती व कशासाठी हे सुनेस सांगून ठेवले होते. जे मी शिकवावयाचे, ते त्या निरक्षर मातेने शिकविले!

कोणी विचारील, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे झोपेतच गाडली गेली, त्यांच्या हाती मेणबत्ती कोणी दिली? मी तेव्हा सेमिनरीत विद्यार्थी होतो. हा प्रश्न मलाही छळीत असे. बंधूंनो, मेणबत्ती म्हणजे ताईत नव्हे. देवाची दया मेणावर अवलंबून नाही. अंधारात गेलेल्यांनाही तो नावानिशी ओळखतो. मेणबत्ती आहे ती मागे राहणाऱ्यांसाठी. मरणाऱ्यास एकटे सोडू नये, ही तिची आज्ञा आहे. भूकंपानंतर ढिगारे उपसावयास जे परके हात धावून आले, त्यांनी हीच आज्ञा पाळली.

म्हणून आजची मेणबत्ती घरी नेऊन मुलांना तिचा अर्थ सांगा. शेजारी कोणी आजारी असेल, मग तो कोणत्याही धर्माचा असो, त्याच्या उशाशी जाऊन बसा. धर्मगुरूस कदाचित उशीर होईल. तुम्हांस होऊ नये, हीच प्रभुचरणी प्रार्थना.