जोडकमाई



नवऱ्याचा पगार ती कमाई आणि बायको चार पैसे मिळविते ती जोडकमाई, असे आपण सहज बोलून जातो. हे कितपत खरे, ते मुंबईच्या गिरणगावात पाहू या.

कोकणातून, घाटावरून आलेला कामगार बहुधा बायकामुले गावी ठेवून येई. त्याला दोन वेळचे जेवण हवे असे. चाळीच्या एका खोलीत संसार करणारी बाई अशा काही जणांची खाणावळ चालवी. पाळी पहाटेची असो वा रात्रीची, चूल तिचीच. पैसे मिळत ते पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज. त्यातून उरे त्यात खोलीचे भाडे भागे.

सावकाराच्या हातून या बायकांना सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्याचे काम १९७५ साली प्रेमा पुरव यांनी स्थापिलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने केले. तारण ठेवायला त्यांच्यापाशी काय होते? केवळ रोजचे कष्ट!

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. पगार थांबले, तशा खाणावळीही बसल्या. बुडालेल्या पगाराची चर्चा पुष्कळ झाली. या बायकांची थकलेली बाकी कोणी मोजली? स्वस्त जेवण होते म्हणून तुटपुंज्या पगारावर गिरणी चालत होती. मग हिची कमाई जोड कशी?

डबे करणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या बायका आजही आहेत. भाडे कोणाच्या पैशाने भरले जाते, एवढे आपापल्या घरी विचारून पाहा.