वाचलेले पाणी कोणाचे?

(शिरोळ तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेले भाषण)



नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न निघाला की आपले बोट प्रथम कारखान्यांच्या मळीकडे आणि शहरांच्या सांडपाण्याकडे वळते. ते वळलेच पाहिजे. पंचगंगेच्या काठावरील जनतेने त्याविरुद्ध केलेली आंदोलने न्याय्य आहेत आणि पुढेही आपण त्यांत राहू. परंतु आज मी ज्या दोषाविषयी बोलणार आहे, तो आपल्या घरातला आहे. तो उसाच्या सरीतून वाहतो.

एक एकर रानात एक इंच पाणी उभे केले तर ते सुमारे १ लाख लिटर भरते. पाटपाण्याच्या एकेका पाळीत आपण तीन-चार इंच सहज देतो. त्यातील बराच मोठा हिस्सा उसाच्या मुळांना लाभतच नाही. तो मुळांच्या खाली झिरपतो, आणि झिरपताना रिकाम्या हाताने जात नाही. युरियाचे जमिनीत नायट्रेट होते आणि नायट्रेट मातीला धरून राहत नाही. पाणी जिकडे जाईल तिकडे तेही जाते. विहिरीत, ओढ्यात आणि अखेर नदीत. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट नसावे, असे आपले भारतीय मानक आहे. कारण तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती ते हिरावून घेते. नदीत साठलेल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी पोसते; ती कुजू लागली की पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे तडफडून मरतात. म्हणजे शेतकऱ्याने पैसे मोजून घेतलेले खत पिकाला न मिळता खालच्या गावाच्या घागरीत जाते.

दुसरी गोष्ट क्षारांची. काळ्या जमिनीला निचरा कमी. पाणी अधिक झाले की भूजल वर चढते, त्याबरोबर क्षार वर येतात आणि सोन्यासारखे रान पांढरे पडते. नीरेच्या कालव्यावर हा अनुभव शंभर वर्षांपूर्वीच आला होता. कृष्णाकाठी तो आपण डोळ्यांदेखत घेत आहो. या तालुक्यात सच्छिद्र पाइप जमिनीखाली घालून अनेक शेतकऱ्यांनी क्षारपड रान पुन्हा पिकाखाली आणले. हे काम मोलाचे आहे. पण एक प्रश्न विचारला पाहिजे : त्या पाइपांतून निघालेले खारे पाणी जाते कोठे? ते ओढ्याने नदीलाच मिळते. शेत बरे झाले, नदी आजारी झाली. शेत आणि नदी दोन्ही वाचवायची, तर वरून ओतले जाणारे पाणीच कमी करणे, याखेरीज दुसरा खरा उपाय नाही.

मग शेतकरी उधळ्या आहे काय? हा आरोप मी साफ नाकारतो. शेतीची वीज एका आठवड्यात दिवसा, तर दुसऱ्या आठवड्यात रात्री मिळते. मध्यरात्री थंडीत, सापाकिरड्याच्या भीतीत सरीमागे सरी फिरवीत कोण बसणार? तो मोटारीला ऑटो लावून झोपतो आणि पहाटेपर्यंत पाणी रानाबाहेर वाहते. त्यात पाणीपट्टी पाण्यावर नव्हे, एकरांवर आणि पिकावर आकारली जाते. एक पाळी वाचविणाऱ्याला एक पैसाही सुटत नाही. उधळपट्टी माणसाच्या स्वभावात नाही, ती व्यवस्थेत आहे. म्हणून ती बदलता येते.

यावर सरकारचे एकच उत्तर असते : ठिबक. ठिबकाने उसाचे पाणी तिसऱ्या हिश्शाहून अधिक वाचते, आणि नळीतून खत मुळाशी थोडे थोडे देता येत असल्याने ते वाहून जाणेही घटते. २०१७ साली मंत्रिमंडळाने उसाला ठिबक टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला, तरी सऱ्या अजून पाटपाण्यानेच भरताहेत. आणि जेथे ठिबक आले, तेथे वाचलेल्या पाण्यावर त्याच शेतकऱ्याने आणखी दोन एकर ऊस लावला, तर नदीला काय मिळाले? अनुदान सार्वजनिक आणि बचत खाजगी, असा हा व्यवहार होतो. नदीतला प्रवाह जितका क्षीण, तितकी तिच्यातील घाण दाट. वाचलेले पाणी कोणाचे, हा प्रश्न न सोडविता नुसत्या नळ्या अंथरण्याला सुधारणा म्हणता येणार नाही.

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने एकदा दिलेले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम आठवा : पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे, माणशी, भूमिहीनालाही वाटा, आणि त्या पाण्यावर ऊस नाही. पुढे १९९० च्या सुमारास नाशिक जिल्ह्यात ओझरला, वाघाड कालव्याच्या शेपटाला, बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने पाणी वापर संस्था उभारून पाणी मोजून घेण्याची आणि मोजून देण्याची शिस्त घातली. २००५ साली त्यासाठी कायदाही झाला. कायदा आहे, अनुभव आहे; उणीव आहे ती संघटित मागणीची.

म्हणून या शिबिरातून आपण चार मागण्या घेऊन गावी जाऊ. शेतीला दिवसा वीज द्या. उपसा योजनांसह सर्व पाणी मोजून द्या आणि पट्टी मापावर आकारा. ठिबकाचे अनुदान प्रथम अल्पभूधारकाला द्या आणि त्या पाण्यावर उसाचे क्षेत्र वाढविण्यास बंदी करा. वाचलेल्या पाण्याचा एक वाटा कोरडवाहू गावांना आणि एक वाटा नदीच्या वाहत्या प्रवाहाला कायद्याने राखून ठेवा.

या मागण्या मांडताना आपल्याच बागायतदार सभासदांचा रोष ओढवेल, हे मी जाणतो. पण कारखान्याच्या दारात घोषणा देणाऱ्याने आपल्या बांधावर गप्प बसावे, हे समाजवाद्याला शोभत नाही. आपली सरी ज्या दिवशी मोजून भरू, त्या दिवशी कारखान्याला जाब विचारण्याचा आपला अधिकार दुणावेल.