मात्रा, अळी आणि आलेखाची रेषा

कुरुंदा-वसमत भागात सोयाबीनवर तंबाखूची पाने खाणारी अळी येते. एखादे कीटकनाशक तिच्यावर किती प्रभावी आहे, हे प्रयोगशाळेत कसे ठरवतात, ते आज पाहू.

पाच-सहा चढत्या मात्रांच्या द्रावणांत पाने बुडवून ती अळ्यांना खायला देतात आणि ठरावीक तासांनी मेलेल्या अळ्या मोजतात. औषधाविना ठेवलेल्या गटातही काही अळ्या मरतात. ती मर हिशेबातून वगळण्याचे सूत्र ॲबट यांनी १९२५ मध्ये दिले. तरीही मात्रा आणि मर यांच्या आलेखावरचे बिंदू विखुरतातच, कारण प्रत्येक अळीची सहनशक्ती वेगळी असते.

१९३४ मध्ये चेस्टर ब्लिस यांनी प्रॉबिट पद्धत मांडली. तिच्यामुळे या आलेखाचा इंग्रजी एस अक्षरासारखा वक्र सरळ रेषेत येतो. पूर्वी खास आलेखकागदावर पट्टी ठेवून ही रेषा नजरेने ओढत. अनुभवी डोळ्याला विचित्र बिंदू लगेच खटके, पण दोघांच्या रेषा जुळतीलच असे नसे. आता संगणक प्रत्येक बिंदूचे महत्त्व तोलतो, निम्म्या अळ्या मारणारी मात्रा काढतो आणि त्या उत्तरावर किती विसंबावे, हेही सांगतो. मात्र नोंदच चुकली असेल, तर त्याचे उत्तरही चुकते. म्हणून आधी आलेख डोळ्यांनी पाहावा, मग गणित करावे.

आणि लक्षात ठेवा, निम्म्या अळ्या मारणारी मात्रा ही फवारणीची मात्रा नव्हे. शेतात लेबलवर दिलेली मात्राच वापरा.