बुद्धिवाद आणि ख्रिस्ती धर्मविचार

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलीन आपल्याच देशात तयार होऊ लागले. तेथून इंद्रायणीकाठचे देहू काही कोसांवरच आहे. तापाने फणफणलेल्या लेकराच्या उशाशी बसून पूर्वीची माता देवाला आळवीत असे. आजची माता आधी औषध आणावयास धावते, आणि त्यात काही वावगे आहे असे कोणीही समंजस धर्मोपदेशक म्हणणार नाही. परंतु येथेच एक बिकट प्रश्न उभा राहतो. रोग जंतूंमुळे होतो, पाऊस वाऱ्यांमुळे पडतो, दारिद्र्य समाजरचनेमुळे येते, असे एकदा कळून चुकले म्हणजे ईश्वराकडे काम तरी कोणते उरले? आधुनिक ख्रिस्ती धर्मविचाराला सर्वांत अधिक बेचैन केले ते या प्रश्नाने. आणि त्याला जी निरनिराळी उत्तरे दिली गेली, त्यांतील कित्येकांची पारख पुण्याच्या परिसरातच झाली आहे.

प्रश्नाचा उगम अर्थातच युरोपातला. इमॅन्युएल कांट याने १७८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले की, ईश्वराचे अस्तित्व केवळ तर्काच्या बळावर सिद्ध करता येत नाही, आणि खोडूनही काढता येत नाही. १८४१ साली फॉयरबाख त्याच्याही पुढे गेला. मनुष्य आपलेच उत्तम गुण आकाशात नेऊन बसवितो आणि मग त्यांनाच देव म्हणून हात जोडतो, असे त्याचे प्रतिपादन होते. इंग्लंडात मिल्लने नीतीचा पाया धर्माज्ञेवरून काढून मानवी सुखावर ठेवला, तर स्पेन्सरने अंतिम तत्त्व अज्ञेय ठरविले. ज्या जहाजांतून मिशनरी मुंबईच्या बंदरात उतरत, त्याच जहाजांतून हे ग्रंथही उतरत असत.

आरंभी मिशनऱ्यांचा भरवसा वादावर होता. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस आले, आणि १८३१ साली त्यांचा मोरभट दांडेकरांशी झालेला वाद पुष्कळ गाजला. प्रतिपक्षाची विसंगती दाखविली की सत्य आपोआप उजळून निघेल, अशी त्या काळची समजूत होती. या पद्धतीचा सर्वांत समर्थ पुरुष म्हणजे नीलकंठशास्त्री गोरे. १८२५ साली जन्मलेले आणि काशीत शास्त्राध्ययन केलेले हे चित्पावन पंडित १८४८ साली ख्रिस्ती झाले, आणि १८६० साली त्यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून सहाही दर्शनांची तर्काने झडती घेतली. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, त्यामागेही त्यांच्या लिखाणाचा प्रभाव होता. पण तर्क हे दुधारी शस्त्र आहे. जी कसोटी परधर्माला लावावयाची, तीच स्वधर्माला लावण्याचे टाळता कसे येणार? गोरे यांच्यासारख्या प्रामाणिक पुरुषाने ते टाळले नाही. शंकेने त्यांची पाठ आयुष्यभर सोडली नाही, आणि अखेर त्यांनी आधार शोधला तो स्वतःच्या युक्तिवादात नव्हे, तर चर्चच्या प्राचीन परंपरेत.

हे शस्त्र दुसऱ्यांच्याही हाती गेले. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी टॉमस पेन वाचला; त्यांनी मिशनऱ्यांच्या कार्याचा गौरव केला, पण ख्रिस्ती धर्म मात्र स्वीकारला नाही. निर्मिकावर विश्वास ठेवून त्यांनी मांडलेला ‘सार्वजनिक सत्यधर्म’ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झाला. गोपाळ गणेश आगरकर त्याहून पुढे गेले. १८८८ साली ‘सुधारक’ काढणारे आणि १८९२ पासून १८९५ पर्यंत फर्गसन कॉलेजचे प्राचार्य असलेले आगरकर अज्ञेयवादी होते. धर्मविचारापुढे त्यांनी केवळ युक्तिवाद ठेवला असता तर त्याला प्रतियुक्तिवाद सापडला असता. त्यांनी पुढे ठेवले ते स्वतःचे जीवन. मोठ्या पगाराची आशा आपणहून सोडून, लोकनिंदा सोसून, पारलौकिक फळाची अपेक्षा न धरता या पुरुषाने कर्तव्य केले. ईश्वरावाचून नीती टिकत नाही, असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला आजही आगरकरांना उत्तर द्यावे लागते.

आगरकर आणि गोरे हे दोघेही १८९५ साली निवर्तले. त्याच वर्षी फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी प्रमाणांची मांडणी करण्यात फारसा वेळ दवडला नाही. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. जर्मनीत श्लायरमाखर याने १७९९ साली धर्माचे स्थान तर्कात किंवा आज्ञेत नसून अंतःकरणाच्या प्रतीतीत आहे असे मांडले होते. देहूच्या वाण्याला हे कोणी शिकवावयास नको होते, आणि टिळकांना ते जर्मन ग्रंथांतून नव्हे तर गाथेतून मिळाले. १९१७ साली मिशनची चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. पंथाच्या भिंती ओलांडून ख्रिस्ताचे अनुयायी एकत्र यावेत हा त्याचा हेतू. १९१९ साली ते वारले. त्याच वर्षी पुण्यात काम करणारे स्कॉटिश मिशनरी निकल मॅक्निकल यांनी मराठी संतांच्या अभंगांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. ज्यांना उपदेश करावयास यावे, त्यांच्याच संतांपाशी शिकावयास बसावे, हा पालट लहान नव्हे.

तथापि, या उत्तरातही एक उणीव होती. प्रतीती माझी आहे, हे खरे. पण ती ईश्वराचीच प्रतीती आहे, माझ्या मनाचे प्रतिबिंब नव्हे, हे कशावरून? फॉयरबाखचा आक्षेप जागच्या जागीच राहिला. विशेष असे की, हा आक्षेप विसाव्या शतकात एका धर्मपंडितानेच उचलून धरला. कार्ल बार्ट हा १९११ पासून १९२१ पर्यंत स्वित्झर्लंडमधील साफेनविल या गावी पाळक होता. तेथील पुष्कळ लोक गिरण्यांत राबत. त्यांच्या संघटनेच्या बाजूने तो मालकांविरुद्ध उभा राहिला. पहिल्या महायुद्धाच्या प्रारंभी आपले विद्वान गुरुजन कैसरच्या युद्धाला पाठिंबा देत असलेले त्याने पाहिले, आणि ज्या धर्मभावनेवर त्यांनी इमारत रचली होती तिच्यावरचा त्याचा विश्वास उडाला. १९१९ साली, आणि पुन्हा नव्याने लिहून १९२२ साली, प्रसिद्ध केलेल्या रोमकरांस पत्राच्या भाष्यात त्याने निक्षून सांगितले की, मनुष्याने आपल्या गरजेप्रमाणे घडविलेला देव हा देवच नव्हे. मूर्तिभंजकाचे हे काम निरीश्वरवादी करीत असेल, तर धर्माने त्याचे आभारच मानावेत.

त्याच्याहून तरुण असलेल्या डीट्रिख बोनहॉफरने पुढचे पाऊल टाकले. गांधीजींच्या आश्रमात येऊन राहण्याची त्याची इच्छा होती, आणि १९३४ साली तसे निमंत्रणही त्याला मिळाले होते. पण तो योग आला नाही. नाझी राजवटीने त्याला १९४३ साली कैद केले आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी दिले. तुरुंगातून लिहिलेल्या त्याच्या पत्रांतील विचार असा की, जग आता वयात आले आहे. ज्ञानात जेथे छिद्र दिसेल तेथे देवाचे ठिगळ लावण्याची सवय धर्माने सोडली पाहिजे. कारण ज्ञान वाढले की छिद्र बुजते आणि ठिगळ गळून पडते. देव शोधावयाचा तो आपल्या अज्ञानात नव्हे, तर आपल्याला जे ठाऊक आहे त्याच्या मध्यभागी. आणि तोही सामर्थ्याच्या रूपाने नव्हे, तर क्रूसावर दुःख भोगणाऱ्याच्या रूपाने. पेनिसिलीनने देवाचे काहीएक हिरावून घेतले नाही, असे हा विचार सांगतो. हिरावली गेली ती फक्त आपली एक चुकीची कल्पना.

रोमन कॅथलिक चर्चने हे मंथन उशिरा, पण व्यापक प्रमाणावर केले. १८९३ साली सिलोनमधील कँडी येथे स्थापन झालेली पेपल सेमिनरी १९५५ साली पुण्यास नगर रस्त्यावर आली, आणि पुणे हे देशातील ख्रिस्ती तत्त्वाध्ययनाचे एक प्रमुख केंद्र बनले. तेथील डी नोबिली कॉलेजातील ऑस्ट्रियन जेझुइट अध्यापक योसेफ नॉयनर हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत तज्ज्ञ म्हणून सहभागी झाले. या परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी घोषित केलेल्या लेखात निरीश्वरवादाचा निषेध तर केलाच. पण त्याच्या उत्पत्तीला श्रद्धावानांचे सदोष आचरण आणि विपरीत शिकवणही काही अंशी कारण आहे, अशी स्पष्ट कबुली दिली. शतकभरापूर्वी जो केवळ प्रतिवादी होता, त्याला येथे साक्षीदाराचा मान मिळाला.

मग आगरकरांच्या आव्हानाचे काय? बुद्धिवादी आजही विचारील की, देव कोणत्याच घटनेचे कारण म्हणून लागत नसेल, तर त्याला मानावयाचे तरी कशाला? आधुनिक ख्रिस्ती विचारवंतांचे म्हणणे थोडक्यात असे: श्रद्धा ही जगाची उपपत्ती नव्हे, ती एक निष्ठा आहे. पिंपरीपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या पट्ट्यात मनुष्याची किंमत त्याच्या कामावरून ठरते, आणि उद्योगाच्या हिशेबात ते अपरिहार्यही असेल. पण यंत्रात हात गमावलेला मजूर, किंवा म्हातारपणाने निरुपयोगी ठरलेला जीव, यांची किंमत कोणत्या हिशेबात धरावयाची? ती उपयुक्ततेवर अवलंबून नाही, कारण ती मनुष्याने दिलेली नाही, हे श्रद्धेचे उत्तर. ती मानवतेच्या जाणिवेवर उभी आहे आणि तेवढे पुरेसे आहे, हे बुद्धिवाद्याचे.

या दोन उत्तरांमधील अंतर मिटलेले नाही, आणि ते तर्काने मिटेल असेही दिसत नाही. परंतु दोन्ही पक्षांची परीक्षा एकाच ठिकाणी होणार आहे. त्या अपंग मजुराच्या दारी कोण जातो, आणि किती दिवस जात राहतो, हे जग पाहील. आगरकर त्या परीक्षेस बसले होते. टिळकही बसले होते. ज्यांना त्यांचे वारसदार म्हणवून घ्यावयाचे असेल, त्यांना ती चुकणार नाही.