उत्तर मोबाईल देतो, पण शिकतं कोण?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण. सभेला येऊ न शकलेल्या सख्यांसाठी येथे देत आहोत.)



बचत, परतफेड, बँक जोडणी हे विषय आत्ताच झाले. माझा विषय मुलांच्या शिक्षणाचा आहे, पण तोही आपल्या कर्जाच्या वहीपासून लांब नाही. अंतर्गत कर्जाच्या मागणीत कारण म्हणून पूर्वी बी-बियाणं, शेळी, शिलाई मशीन, दवाखाना असं लिहिलं जायचं. आता त्यात ‘मुलासाठी टॅब’ आणि ‘ऑनलाईन क्लास’ही येऊ लागलंय. विकणारा सांगतो, ‘ताई, यात एआय आहे. घरबसल्या मास्तर. पोरगं कुठल्या कुठे जाईल!’ आपल्याला शिकायला मिळालं नाही, निदान लेकरांना तरी मिळावं, असं प्रत्येक आईला वाटतं. या वाटण्याचाच काही जण धंदा करतात. म्हणून आज जरा निवांत बोलू.

एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. चॅटजीपीटी नावाचं साधन नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं आणि तेव्हापासून हा शब्द गावागावात पोचला. त्याला प्रश्न विचारला की ते माणसासारखं उत्तर लिहून देतं. हे जमतं कसं? माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर त्याच्याकडून गिरवून घेतलेला असतो. त्यावरून कुठल्या शब्दानंतर कुठला शब्द येईल याचा अंदाज बांधत ते पुढे लिहीत जातं. बऱ्याचदा हा अंदाज बरोबर निघतो, पण चुकला तरी ते अडखळत नाही. चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे देतं. शिकलेल्या मोठ्या माणसाला ती चूक कळेल. सहावीतल्या पोराला कशी कळणार?

आता एक अभ्यास सांगते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तो २०२३ साली तुर्कस्तानातल्या एका हायस्कूलमध्ये केला. जवळपास १००० मुलं होती आणि विषय होता गणित. मुलांचे तीन गट केले. पहिल्या गटाने नेहमीसारखं वही-पुस्तक घेऊन सराव केला. दुसऱ्या गटाला सरावाच्या वेळी एआय दिलं, काहीही विचारायची मोकळीक होती. तिसऱ्यालाही एआय दिलं, पण शिक्षकांची मदत घेऊन त्याला आधी बजावून ठेवलं होतं, की थेट उत्तर द्यायचं नाही, फक्त पुढच्या पायरीचा इशारा द्यायचा.

सरावात दुसरा गट पहिल्याच्या कितीतरी पुढे गेला, जवळपास ४८ टक्के. तिसरा तर त्याच्याही पुढे. पालक खूश होतील असेच आकडे. मग एआय काढून घेतलं आणि परीक्षा घेतली. मोकळं एआय वापरलेली मुलं, ज्यांनी ते कधी हातात धरलंच नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्के मागे पडली. इशारे घेणारी मुलं मागे पडली नाहीत, पण वही-पुस्तकवाल्यांच्या पुढेही गेली नाहीत. आणि ऐका, जी मागे पडली त्यांना आपण कमी शिकलोय असं वाटतही नव्हतं!

हे आपल्याला नवं नाही. गटाच्या बैठकीत काय होतं ते आठवा. सीआरपी ताई येते, भराभर हिशोब लिहिते, ‘इथे सही करा’ म्हणते आणि वही पूर्ण होते. ताई दोन महिने आजारी पडली की गटातल्या कुणालाच वहीचा मेळ घालता येत नाही. तीच ताई शेजारी बसून म्हणाली, ‘सचिव ताई, तुम्ही लिहा, मी बघते,’ तर पहिले काही महिने खाडाखोड होते, वेळही लागतो. पण वर्षभरात गट स्वतःच्या पायावर उभा राहतो. लेकराचंही तसंच आहे. वही भरलेली दिसते म्हणजे ते शिकलं असं नव्हे. पहिली भाकरी नकाशासारखीच होते, पण ती स्वतःच्या हाताने थापल्याशिवाय दहावी गोल होत नाही.

दुसरी गोष्ट इंग्लंडची. २०२० साली कोरोनामुळे तिथल्या बारावीसारख्या परीक्षा रद्द झाल्या. शिक्षकांनी मुलांचे अंदाजे निकाल दिले. सरकारी परीक्षा यंत्रणेने त्यावर संगणकाचं एक सूत्र लावलं. आजच्या चॅट करणाऱ्या एआयपेक्षा ते साधं होतं, पण माणसाऐवजी यंत्राने मुलांचा निकाल ठरवला हे खरं. त्या शाळेचे मागच्या वर्षांचे निकाल कसे होते हेही सूत्र बघत होतं. शंभरातले जवळपास ४० निकाल शिक्षकांच्या अंदाजापेक्षा खाली आले. ज्या शाळेचे जुने निकाल कमी, तिथल्या हुशार पोरीलाही त्याचा फटका बसला. ज्या विषयाला थोडीच मुलं बसलेली, तिथे शिक्षकांचा अंदाज जास्त धरला गेला, आणि त्याचा फायदा खासगी शाळांना जास्त झाला. मुलं रस्त्यावर उतरली. तेव्हा काही दिवसांतच, १७ ऑगस्टला, सरकारला ते निकाल मागे घ्यावे लागले.

आपण यातून काय घ्यायचं? यंत्र जुन्या माहितीवरून पुढचं ठरवतं. ‘या वाडीतल्या पोरी कधी विज्ञानाला गेल्याच नाहीत’ ही जुनी माहिती झाली. आपली पोर जाईल की नाही, ते तिच्यावरून ठरलं पाहिजे, वाडीवरून नाही. चांगली शिक्षिका तिच्या डोळ्यात बघून हे ओळखते.

तिसरा मुद्दा माहितीचा. ॲप सुरू करताना आपण मुलाचं नाव, वय, शाळा, फोटो, सगळं देतो. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२२ मध्ये जगभरातली दीडशेहून अधिक शिक्षणाची ॲप आणि संकेतस्थळं तपासली. त्यातल्या दहापैकी जवळपास नऊंमध्ये मुलांची माहिती अशा रीतीने हाताळली जात होती, की मुलांच्या हक्कांना धोका होता. आपल्या देशात २०२३ साली यासाठी कायदा झाला. १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरण्याआधी आई-वडिलांची संमती घ्यायची असं तो सांगतो. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते आहे. पण ‘कुणाला विचारून घेतलंत?’ हा प्रश्न विचारायला आपण कशाला थांबायचं?

आता पैशाचं. समजा पॅकेज २४,००० रुपयांचं आहे. गटाच्या दराने, दरमहा शेकडा २ रुपये धरले, तर पहिल्याच महिन्याचं व्याज ४८० रुपये होतं. पॅकेजच्या पैशात दोन शेळ्या येतात आणि त्या वर्षभरात करडं देतात. पॅकेज काय देणार, हे आधी विचारायला नको का? केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये पालकांना सावध केलं होतं. फुकट सेवेचं आमिष दाखवून काही कंपन्या खात्यातून आपोआप पैसे कापायची मंजुरी घेतात आणि गरीब, अडचणीतल्या कुटुंबांना हेरतात, असं त्या सूचनेत होतं. पी हळद आणि हो गोरी असं शिक्षणात नसतं, ताईंनो.

म्हणून या कारणासाठी कर्जाची मागणी आली, की बैठकीत हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं ठरावात लिहा:

१. आधी काही दिवस फुकट वापरून बघता येतं का?
२. बंद केलं तर पैसे परत मिळतात का, आणि हे कागदावर आहे का?
३. पैसे खात्यातून आपोआप कापले जाणार आहेत का?
४. ते थेट उत्तर देतं की मुलाला विचार करायला लावतं?
५. घरातली मुलगीही ते वापरणार, की फक्त मुलगा?

पाचवा प्रश्न मुद्दाम घातलाय. घरात फोन एकच असतो, आधी तो दादाच्या हातात जातो आणि ताई भांडी घासते. कर्ज तर आईच्या नावावर असतं ना?

फोन फेकून द्या असं मी म्हणत नाही. तो आता घरात आलाय. पण लेकराने आधी वहीत स्वतः प्रयत्न करावा, अडलं तरच विचारावं आणि विचारताना ‘उत्तर सांगू नको, पुढची पायरी सांग’ असं विचारावं. नंतर फोन बाजूला ठेवून ते गणित तुम्हाला समजावून सांगावं. ‘मला कुठे गणित येतं?’ असं म्हणू नका. तुम्हाला यायची गरजच नाही. तुम्ही फक्त ‘असं का केलंस?’ विचारत राहा. सांगता सांगता ते कुठे अडखळतं ते तुम्हालाही कळेल, त्यालाही.

आणि शेवटचं, शाळेचं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान पाऊण हिस्सा पालकांचा असतो आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. म्हणजे ती खुर्ची आपली आहे. शाळेत टॅब आला, एआय आलं, की टाळ्या जरूर वाजवा, पण त्याच बैठकीत विचारा, रिकामी असलेली शिक्षकाची जागा कधी भरणार? टॅब शिक्षकाच्या मदतीला आला तर त्याचं स्वागत. शिक्षकाच्या जागी आला तर मात्र आपल्याला गप्प बसून चालणार नाही. शहरातल्या मोठ्या शाळांतल्या मुलांना शिक्षकही मिळणार आणि एआयही, आणि आपल्या मुलांच्या वाट्याला नुसतं यंत्र, हे आपण मान्य करायचं नाही.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत प्रत्येक गटाने हे पाच प्रश्न मोठ्याने वाचावेत आणि आपल्यातली कोण शाळा समितीवर आहे, तिचं नाव वहीत नोंदवावं, एवढी विनंती करते आणि थांबते.

जय जिजाऊ! जय सावित्री!